कार्डाच्या हिशेबात ‘उणे’ दिसले तर...

दुधाच्या रतीबाची वही कोणत्या घरात नसते? आता ती कित्येक घरांत मोबाइलमध्ये गेली असेल, पण हिशेब तोच. एखाद्या महिन्यात सुट्टे नव्हते म्हणून तुम्ही गवळ्याला साठ रुपये जास्त दिलेत, की वहीच्या पानावर आपण लिहितो, ‘साठ जमा’. पुढच्या महिन्यात ते वळते करून घेतो. यात कोणाला काही शिकवावे लागत नाही. गवळी आपले साठ रुपये देणे लागतो, आपण त्याचे नव्हे, हे घरातल्या आठवीतल्या मुलीलाही कळते.

आणि तरीही, हाच हिशेब क्रेडिट कार्डाच्या बिलावर आला, की भल्याभल्या सुशिक्षित बायकांच्या पोटात गोळा येतो. कारण तिथे ‘साठ जमा’ असे लिहिलेले नसते. आकड्याच्या आधी एक आडवी रेघ असते, म्हणजे उण्याची खूण. नाहीतर आकड्यापुढे ‘सीआर’ ही दोन इंग्रजी अक्षरे असतात. आणि उणे म्हटले की आपल्याला तोटाच आठवतो. बँकेच्या पासबुकात उणे दिसले तर खाते ओढले गेले, बँकेचे देणे झाले. मोबाइलच्या शिलकीत उणे आले तर पैसे भरायचे. मग कार्डावर उणे आले, तर तेही आपलेच देणे, असे वाटणारच.

भगिनींनो, इथेच सगळी मेख आहे. कार्डाचा हिशेब बँकेने आपल्या बाजूने मांडलेला असतो. ‘तुमच्याकडून आम्हाला किती येणे’ हा त्याचा मुख्य आकडा. ते येणे उणे झाले, म्हणजे उलट झाले: आता बँकच तुमचे देणे लागते. उणे तीन हजार म्हणजे तुमचे तीन हजार बँकेकडे जमा. बस्स, एवढेच.

‘आम्हाला कुठली बाई कार्डं!’ असे म्हणण्याचे दिवस आता गेले. बँका बायकांकडे वळल्या त्याला शंभर वर्षे होऊन गेली. सोराबजी पोचखानवाला यांनी १९११ साली मुंबईत स्थापलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९२४ सालीच स्त्री-ग्राहकांसाठी स्वतंत्र विभाग काढला होता, आणि त्याच बँकेने १९८० साली ‘सेंट्रलकार्ड’ हे आपले क्रेडिट कार्ड आणले. तेव्हा ही मोठ्या शहरांतल्या साहेबलोकांची चैन होती. आता २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले, म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यापाशी चिकटवलेला चौकोन टिपला की कार्डातून पैसे गेले. २०२४ साली देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली, ती काही फक्त मुंबई-पुण्याच्या जोरावर नव्हे.

आपण धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातले ईट हे गाव घेऊ. खव्याचा मुलूख. घरात दोन म्हशी, दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार, बाईचे नाव बचत गटात, आणि यजमानांच्या नावावर पन्नास हजारांच्या मर्यादेचे एक कार्ड. घर माझ्या कल्पनेतले आहे, पण त्यातले आकडे रोज कुठे ना कुठे घडणारे आहेत, म्हणून नीट पाहा.

मुलाने मोबाइलवरून मिक्सर मागवला, तीन हजार चारशे वीस रुपयांचा. आला तो भांड्याला तडा घेऊनच. परत पाठवला. पण परत पाठवण्याच्या आणि पैसे माघारी येण्याच्या मधल्या काळात कार्डाचे बिल आले होते, आणि यजमानांनी ते मुकाट्याने पुरते भरूनही टाकले होते. आठवड्याभराने दुकानाने मिक्सरचे पैसे परत केले. ते कुठे जाणार? ज्या वाटेने गेले त्याच वाटेने, म्हणजे कार्डावर. त्या महिन्यात दुसरी खरेदी नव्हती. पुढचे बिल आले: उणे ३,४२०.

बाईने ते पाहिले. यजमान गावाला गेलेले. देणे डोक्यावर नको, उद्या दंड बसेल, व्याज चढेल, या धास्तीने तिने गटातून मिळालेल्या आपल्या पैशातले ३,४२० रुपये भरून टाकले. वाटले, सुटलो. महिन्याने पाहते तो उणे ६,८४०! आता मात्र तिची झोप उडाली. भरले तरी वाढतेच आहे, हे काय सावकारी कर्ज आहे की काय?

वाढणारच. जमा होते त्यात तिने आणखी जमा केले. गवळ्याकडे आपले साठ रुपये असताना त्याला पुन्हा साठ दिले, तर एकशेवीस होतील, नाही का?

तेव्हा बिल हातात आले की घाई करू नका, तीन ठिकाणी पाहा. एक, एकूण देय रकमेपुढे ‘सीआर’ किंवा आधी उण्याची खूण आहे का. दुसरे, ‘किमान देय’ या रकान्यात शून्य आहे का. देणे असेल तर तिथे काहीतरी आकडा असतोच, त्यामुळे ही खूण सर्वांत सोपी. तिसरे, शिल्लक मर्यादा. तुमच्या कार्डाची मर्यादा पन्नास हजार आणि वापरायला शिल्लक दिसते ती ५६,८४०, तर वरचे ६,८४० आले कुठून? ते तुमचेच आहेत. मात्र एक ध्यानात ठेवा. बिलाच्या आतल्या पानांवर एकेका व्यवहारापुढेही ‘सीआर’ लिहिलेले असते, तुम्ही भरलेल्या रकमेपुढे किंवा परताव्यापुढे. त्यावरून काही ठरवू नका. पाहायचे ते पहिल्या पानावरचे एकूण देय.

असे उणे येण्याची कारणे परत केलेल्या मालापुरतीच नसतात. रेल्वेचे तिकीट रद्द केले, वार्षिक वर्गणी कापली गेली आणि तक्रार केल्यावर बँकेने ती परत दिली, कुठल्या योजनेचे शंभर-दोनशे बक्षीस म्हणून आले, अशी बारीकसारीक पुष्कळ. पण घरोघरी सर्वांत जास्त घडणारे म्हणजे दुबार भरणा. बँक खात्यातून बिल आपोआप वळते व्हावे अशी सूचना यजमानांनी कधीकाळी देऊन ठेवलेली असते, आणि ते विसरून आपण शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री हातानेही भरतो. दोन्हीकडून गेले! घरात बिल भरणारे हात दोन असतील, तर कोणत्या तारखेला कोण भरणार हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे मांडायला जागा असते, तिथेच.

आता तुम्ही म्हणाल, जमाच आहेत ना, राहू देत. कुठे जाणार आहेत?

जाणार कुठे नाहीत, हे खरे. दंड नाही, व्याज नाही, तुमची पत बिघडत नाही. पण मिळतही काही नाही. ‘उचल’ हा शब्द ईटकडच्या बायकांना समजावून सांगायला नको. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामभर ती फेडत बसते. इथे उलटे झाले आहे. बँकेने तुमच्याकडून उचल घेतली आहे, आणि तीही बिनव्याजी. हेच पैसे बचत खात्यात असते तर थोडे का होईना व्याज आले असते. गटात असते तर कोणा मैत्रिणीच्या अडचणीला उपयोगी पडले असते. (किसान क्रेडिट कार्ड हे प्रकरण वेगळे, ते पीककर्जाचे खाते. तिथल्या जमेवर काही बँका बचत खात्याच्या दराने व्याज देतात. आपण बोलतो आहोत ते खरेदीच्या कार्डाबद्दल.)

रक्कम दोन-तीनशेची असेल तर काही करू नये, हे माझे मत. पुढच्या किराण्यात ती आपोआप वळती होते. पण हजारांच्या घरात असेल, आणि कार्डावर खर्च करण्याचे काही ठरलेले नसेल, तर परत मागावी. जमा आहे म्हणून नको असलेली साडी घेणे म्हणजे बँकेकडची उचल दुकानदाराला देणे!

परत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो कोणा अधिकाऱ्याच्या मेहेरबानीवर नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांविषयी सविस्तर नियम काढले, ते त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झाले. त्यांत या जमेचा मुद्दाम विचार आहे. कार्डधारकाने मागणी केली, की कार्डावर जमा असलेली रक्कम कामाच्या तीन दिवसांत त्याच्या बँक खात्यात वळती केली पाहिजे. रक्कम लहान की मोठी, हा प्रश्न नाही.

याखेरीज परताव्याच्या पैशांसाठी आणखी एक तरतूद आहे, ती थोडी किचकट आहे, पण समजून घ्या. बिल अजून भरलेले नाही आणि शेवटच्या तारखेच्या आत परतावा आला, तर बँकेने तो लगेच त्या बिलातून वजा करायचा आणि तसे कळवायचे. पण बिल भरून झाल्यावर परतावा आला, आणि तो एका ठरावीक रकमेपेक्षा जास्त असला, तर तो कार्डावर ठेवून घेण्यापूर्वी बँकेने सात दिवसांच्या आत मोबाइल संदेशाने किंवा ई-मेलने तुमची स्पष्ट संमती मागायची. तुम्ही काहीच कळवले नाही, तर पैसे तुमच्या बँक खात्यात पाठवायचे. ठरावीक रक्कम कोणती? कार्डाच्या मर्यादेचा एक टक्का किंवा पाच हजार रुपये, यांतली जी कमी असेल ती.

ईटच्या आपल्या घराला हे लावून पाहू. मर्यादा पन्नास हजार, तिचा एक टक्का पाचशे. पाच हजारांपेक्षा पाचशे कमी, म्हणून रेघ पाचशेवर. मिक्सरचे ३,४२० त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे बँकेकडून संमतीचा संदेश यायला हवा. तो येतो कुठे? यजमानांच्या मोबाइलवर, इंग्रजीत, लग्नपत्रिका आणि जाहिरातींच्या गर्दीत. कोणी वाचत नाही. नाहीतर मुलगा खेळता खेळता ‘होय’वर बोट ठेवून मोकळा होतो. तेव्हा कार्डाच्या बँकेचे संदेश आठवड्यातून एकदा तरी घरातल्या कोणीतरी वाचायचेच, असा नेम ठेवा.

आणि बाईने भरलेले दुसरे ३,४२०? तो परतावा नव्हे, जादा भरणा. त्याला ही आपोआपची वाट नाही. तो मागितल्याशिवाय मिळायचा नाही.

इथे एक नाजूक गोष्ट सांगायलाच हवी. मागणी करायची ती ज्याच्या नावाचे कार्ड त्याने. तुमच्या हातात पुरवणी कार्ड असेल, त्यावर तुमचे नाव छापलेले असेल, तरी हिशेबाचे खाते मुख्य कार्डधारकाचे. परत येणारे पैसेही त्याच्याच बँक खात्यात जातात. म्हणजे बचत गटाचे, शिवणकामाचे, अंड्याकोंबड्यांचे जे चार पैसे तुम्ही घाईने कार्डात भरलेत, ते माघारी येतील ते यजमानांच्या खात्यात! यजमान भले असतील, वाद नाही. पण भल्या माणसाच्या खात्यात आलेले पैसेही खताच्या पोत्यात आणि ट्रॅक्टरच्या भाड्यात केव्हा विरघळले हे त्यालाही कळत नाही. म्हणून अर्ज करतानाच घरात मोकळेपणाने बोला: यातले इतके माझे आहेत, आले की माझ्या खात्यात घाला. आणि कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून भरले त्याची पावती मोबाइलमधून पुसू नका. ज्या भगिनींची स्वतःची कमाई आहे आणि कार्ड लागतेच, त्यांनी ते स्वतःच्या नावावर घ्यावे हे उत्तम.

मागणी बँकेच्या मोबाइल ॲपमधून करता येते, कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर फोन करूनही करता येते. पण मी म्हणेन, लेखी करा. लिहिलेले राहते. मजकूर मोठा नको, एवढा पुरे:

‘महोदय, माझ्या क्रेडिट कार्डाच्या (शेवटचे चार आकडे अमुक) अमुक तारखेच्या बिलात रुपये ६,८४० जमा दाखवले आहेत. त्यांपैकी रुपये ३,४२० परत केलेल्या मालाचे असून रुपये ३,४२० माझ्याकडून जादा भरले गेले आहेत. ही सर्व रक्कम कार्डावर ठेवण्यास माझी संमती नाही. ती माझ्या पुढील बचत खात्यात वळती करावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे यासाठी कामाच्या तीन दिवसांची मुदत आहे. अर्ज मिळाल्याची पोच व तक्रार क्रमांक द्यावा.’

खाली सही, तारीख, खाते क्रमांक आणि शाखेची खूण. पूर्ण कार्ड क्रमांक लिहू नका, मागचे तीन आकडे तर मुळीच नाहीत. शाखेत जाऊन देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शाखेतला मनुष्य म्हणेल, ‘कार्डाचं इथं काही नसतं, मुंबईला लिहा.’ बऱ्याचदा ते खरेही असते. मग कुठे लिहायचे तो पत्ता त्याच्याकडूनच लिहून घ्या आणि ई-मेलने तोच मजकूर तिकडे पाठवा.

तीन दिवसांत पैसे आले नाहीत, तर तक्रार नोंदवायची ती आधी त्या बँकेकडेच. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा आले ते टोलवाटोलवीचे, तर फार दिवस न लोटता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील नको. कसे करायचे हे १४४४८ या क्रमांकावर मराठीतही विचारता येते. मात्र आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो. त्यासाठीच तो तक्रार क्रमांक.

काही जणी याहून जवळची वाट काढतात: कार्ड घेऊन सरळ एटीएमवर जायचे आणि आपले जमा पैसे काढून आणायचे. हे करू नका. क्रेडिट कार्डावर रोख काढली, की बहुतेक बँका रोख उचलीचे शुल्क लावतात, तुमचे पैसे जमा असले तरीही. आपलेच पैसे आणि वर त्याला दाम!

हप्त्याने घेतलेली वस्तू परत केली असेल, तर अधिक सावध राहा. फ्रीज परत गेला, पैसे कार्डावर आले, उणे दिसू लागले, आपण निर्धास्त. आणि इकडे हप्ते दरमहा त्या जमेतून कापले जातात, कारण बँकेच्या दृष्टीने हप्त्यांचे कर्ज चालूच आहे. वस्तू परत केल्याच्या दिवशीच बँकेला कळवून हप्ते बंद करायला सांगावे, आणि त्याबद्दल काही शुल्क लागणार का हेही विचारून घ्यावे.

उलट प्रकारची चूकही होते. परतावा येणार आहे ना, मग बिल कशाला भरायचे, म्हणून थांबणाऱ्या भगिनी आहेत. पैसे शेवटच्या तारखेच्या आत आले तर ठीक. एक दिवस उशिरा आले, तर कार्डाचे व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात असते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. उशीर तीन दिवसांहून जास्त झाला तर दंड वेगळा. त्यापेक्षा बिल पुरते भरा, मागून उणे येऊ द्या, आणि ते परत मागा. बँकेकडे आपले तीन हजार आठवडाभर बिनव्याजी राहिले तर फारसे बिघडत नाही. बँकेचे तीन हजार आपल्याकडे राहिले तर बिघडते.

कार्ड बंद करायचे असेल, तरी जमा रकमेवर पाणी सोडायचे कारण नाही. कार्ड बंद झाल्यावर खात्यात जी जमा उरेल ती तुमच्या बँक खात्यात पाठवणे बँकेला बंधनकारक आहे, आणि तुमचा खाते क्रमांक तिच्याकडे नसेल तर तो मागून घेणेही. वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बँक तुम्हाला कळवून स्वतःच बंद करू शकते. त्या कळवण्याला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, की ते बंद. कपाटाच्या कप्प्यात दागिन्यांच्या डबीशेजारी असे विसरलेले कार्ड असेल, तर काढा आणि त्याचे शेवटचे बिल पाहा. घर बदलले, मोबाइल क्रमांक बदलला, तर बँकेचे पत्र तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

राहिली एक गोष्ट, आणि ती हल्ली फार वाढली आहे. फोन येतो, बोलणे अगदी गोड: ‘ताई, तुमच्या कार्डावर पैसे जमा आहेत, परत करायचे आहेत, मोबाइलवर आलेला आकडा सांगा.’ किंवा, ‘चुकून माझे पैसे तुमच्या कार्डात भरले गेले, एवढे मला फोनवरून पाठवा ना.’ अशा वेळी फोन ठेवून द्यावा. पैसे मिळण्यासाठी आपला ओटीपी वा पिन कोणाला सांगावा लागत नाही, आणि कोणी सांगेल ते ॲप मोबाइलवर उतरवावे लागत नाही. खरोखरच कोणाचे पैसे चुकून आले असतील, तर त्याने आपल्या बँकेला सांगावे, तुम्ही तुमच्या बँकेला सांगा; परस्पर देवघेव करू नका. आकडा सांगून बसलाच असाल, तर लाजत न बसता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा, मग बँकेला. यजमान घरी यायची वाट पाहू नका.